योरीची ओळ

आमच्या वन्संनी चर्चच्या दारात अंड्यांची टोपली घेऊन उभं राहायला सुरुवात केली तेव्हा सगळं खोरं हसलं होतं. मीही पोटभर हसून घेतलं. येणाऱ्या प्रत्येकाने आपला मोबाइल त्या टोपलीत ठेवायचा आणि मगच आत पाऊल टाकायचं, असा वन्संचा हुकूम. पाद्रीबुवांचीही सुटका नाही. कुणी म्हणालं, "मोर्विद, बंद केलाय गं मी," तर या म्हणायच्या, "बंद केलाय ना? मग टोपलीत झोपू दे त्याला." पुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

खरं सांगायचं तर टोपलीचं कारण मला पटलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी म्हातारा पेन्री पद म्हणायला एकटाच उभा राहिला होता. बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच. दुसरं कडवं चालू असताना कुणाच्या तरी पर्समधून एक बाई ठणठणीत इंग्रजीत बोलली, "शक्य होताच मागे वळा." रस्ता सांगणारा फोन तो! पेन्री थांबला, इकडेतिकडे बघितलं, आणि खरोखरच मागे वळून आपल्या बाकावर जाऊन बसला. मागच्या रांगेतली पाहुणी मंडळी फोन उंच धरून गाणाऱ्यांचं चित्रण करत होती, त्यांनी तेही टिपलं. पेन्री त्यानंतर कधी म्हणायला उठला नाही.

आमच्या कूमग्लासच्या चर्चमध्ये दर जानेवारीत प्लगाइन होतं, म्हणजे येशूजन्माची जुनी पदं म्हणायची संध्याकाळ. साथीला वाद्य नाही, कोण कधी म्हणणार ते आधी ठरलेलं नाही, टाळ्या तर नाहीतच नाहीत. एकेका घरचा मेळ उठतो, पुढे जातो, म्हणतो आणि मुकाट्याने जागेवर येऊन बसतो. मधल्या वेळात बुटांचा आवाज आणि कुणाचा तरी खोकला, एवढंच. आणि एक नियम आहे, जो लहान पोरालाही सांगावा लागत नाही. एकदा म्हटलेलं पद त्या दिवशी पुन्हा म्हणायचं नाही. तुमच्या आधी कुणी तुमचं पद उचललं तर तुम्ही दुसरं म्हणा. मध्येच अडलात, विसरलात, तर गप खाली उतरा. देवापुढे ठेवलं ते ठेवलं. उचलून, पुसून परत ठेवायचं नाही.

मी दक्षिणेकडची, कोळशाच्या खाणींच्या गावातली. आमच्याकडे माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गातात, चुकलं तर हसतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिल्याच प्लगाइनला मी सासऱ्यांच्या पदाला टाळ्या वाजवल्या. अख्ख्या चर्चमध्ये मी एकटीने. वन्संनी मान वळवून माझ्याकडे असं काही बघितलं की हात तिथेच थिजले. माझा नवरा मात्र तोंडावर टोपी धरून खुदुखुदू हसत होता. तो असाच होता, योरी.

आमच्या घरचा मेळ तिघा भावंडांचा. मोर्विदवन्संचा वरचा आवाज, तेग्विनभाऊजींचा मधला आणि सगळ्यात धाकट्या योरीचा खर्ज. सासऱ्यांच्या मागे तो त्याच्याकडे आला. घरचं एक पद आहे, पाच कडव्यांचं, ते खोऱ्यात दुसरं कुणी म्हणत नाही. शेवटच्या कडव्यात वरचे दोन आवाज थांबतात आणि एक ओळ खर्ज एकटाच म्हणतो. मेंढपाळ डोंगरावरून उशिरा पोचलेले असतात, आणि विचारतात, अजून दार उघडं आहे का? मग तिघं मिळून पद संपवतात. एवढीच ती ओळ. पण योरी ती वर्षभर म्हणायचा. मेंढ्यांना औषध पाजताना, दाढी करताना, भांडी पुसताना. "अरे बाबा, उघडं आहे दार, ये आत आणि चहा पी एकदाचा," असं मी ओरडायची. माझा गळा म्हणजे फुटका पत्रा. मला मेळात कुणी घेतलं नाही आणि मीही कधी हट्ट धरला नाही.

मग योरीला फुप्फुसाचं दुखणं लागलं. काय म्हणावं आता, खर्जाच्याच घरात आग लागली. नाताळ यायच्या आत तो सीमेपलीकडच्या इंग्रजी गावात, जिथे शेवटच्या आजाऱ्यांना ठेवतात त्या इस्पितळात होता. खोली छान होती, खिडकीतून एक सफरचंदाचं झाड दिसायचं. नर्स दिलिथ आमच्याच बाजूची होती, त्याच्याशी वेल्शमध्ये बोलायची, त्यामुळे त्याला बरं वाटायचं. मी रोज तिथेच असायची.

नवीन वर्ष लागल्यावर वन्सं आणि भाऊजी भेटायला आले. वन्संनी मनुकांचा पाव आणला होता, लोणी लावून, फडक्यात गुंडाळून. योरीने एक घास चावत ठेवला, मग मुद्द्याला हात घातला.

"ताई, यंदा म्हणणार ना पद?"

"दोघांनी?" वन्सं म्हणाल्या. "तिघांचं पद दोघांनी म्हणायचं? तीन पायांच्या स्टुलाचा एक पाय काढून वर बसायला सांगतोयस."

"बस की मग. पडलीस तर तेग्विन उचलेल. माझी ओळ तो म्हणू दे." तो थोडा थांबला, दम घेतला. "पण मला ऐकायचंय. फोनवर."

वन्संच्या हातातला फडका तिथेच राहिला. "चर्चमध्ये फोन? मी दारात टोपली धरून उभी राहणार आणि माझ्याच मेळाच्या खिशात फोन? लोक शेण घालतील माझ्या तोंडात."

"घालू देत. शेणाचं काय कौतुक आपल्याला, जन्म गेला त्यात."

"योरी, थट्टा नको. मी पाद्रीबुवांना सांगते, ते रेकॉर्ड करतील, दुसऱ्या दिवशी आणून ऐकवते तुला."

"नको." तो एकदम शांतपणे म्हणाला. "त्याच वेळी हवंय मला. मी इथून म्हणणार आहे माझी ओळ. तुम्हाला ऐकू नाही येणार, नुसता पुटपुटेन. तुम्ही फक्त मला तिथवर आणून सोडा. पुढचं मी बघतो."

एवढं बोलून त्याला धाप लागली. मी पाणी दिलं. वन्सं खिडकीतून त्या झाडाकडे बघत राहिल्या. हातमोजे काढले, परत घातले, परत काढले.

"ताई, पुढच्या वर्षी नाही मागणार काही," योरी म्हणाला आणि हसला.

"मेल्या, गप्प बैस!" वन्सं म्हणाल्या, आणि मी समजले, झालं कबूल.

मग बेत ठरला. तेग्विनभाऊजींचा फोन त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात राहील. आमच्या मेळाची उठायची वेळ आली की वेदीच्या पायऱ्या चढण्याआधी, बाकावर बसल्या बसल्याच, ते फोन लावतील. "वाजणार तर नाही ना मेला?" वन्संनी दहा वेळा विचारलं. भाऊजी म्हणाले, "अगं, बोलणं चालू असताना फोन वाजतो होय कधी? लागलेला फोन मुका असतो." बरोबरच होतं की! आम्ही चौघांनीही माना डोलावल्या. त्या खोलीत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की लागलेला फोन तुटूही शकतो, आणि आमच्या खोऱ्यात तर तो हमखास तुटतो.

आणि भाऊजींचा फोन साधा नव्हता. ट्रॅक्टरवर बसून बसून त्यांचे कान गेलेले. फोनची घंटा त्यांना ऐकूच यायची नाही, म्हणून त्यांच्या मुलीने त्यात कोंबड्याची बांग भरून ठेवली होती, आवाज शेवटच्या टोकाला नेऊन. बांधावर तो फोन वाजला की कुत्री भुंकायला लागायची.

प्लगाइनच्या दिवशी योरी सकाळपासून खुशीत होता. दुपारनंतर मात्र एक शब्द बोलला नाही. मी घाबरले. "दुखतंय का? दिलिथला हाक मारू?" त्याने मान हलवली आणि एक बोट छातीवर ठेवलं, मग तेच ओठांवर. मला कळायला जरा वेळ लागला. तो श्वास साठवून ठेवत होता. लोक पैसा साठवतात, हा बाबा श्वास साठवत होता, एका ओळीपुरता. मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

संध्याकाळी त्याने खुणेने टाय मागितला. पद म्हणायला टायशिवाय उभं राहायचं नाही, हा सासऱ्यांचा दंडक. पायजम्याच्या शर्टावर मी त्याला तो निळा टाय बांधून दिला. दिलिथने पलंग वर करून त्याला बसतं केलं, केस विंचरले आणि म्हणाली, "काय हो, लग्नाला निघालात की काय?" त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणजे काय, हिच्याशीच, पुन्हा. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा लाजले असेन.

फोन वाजला. मी स्पीकर लावून तो पांघरुणावर ठेवला. आधी नुसती सळसळ, भाऊजींच्या कोटाची. मग चर्चमधली ती शांतता, जिला आपला एक आवाज असतो. खोकला आला, योरीने भुवई उडवली. एलिनेदचा खोकला, आमच्या शेजारणीचा, हजारात ओळखू येईल. मग बुटांचे आवाज, दगडी फरशीवरचे. मग वन्संनी पट्टी धरायचा सूरकाटा बाकाच्या कडेवर टिचवला. बारीक टिंग झाली आणि पद सुरू झालं.

दोनच आवाज. पण काय सांगू, छान लागले होते. वन्संचा आवाज वयाने जरा वाळलाय, पण सरळ जातो. भाऊजी त्यांच्या बाजूने चालत होते. योरीचा हात पांघरुणावर हलत होता, ओठ मिटलेले. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला त्याने डोळे मिटले. मी त्याच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, चला, चला, न्या त्याला तिथवर.

चौथ्या कडव्यात आवाज फाटायला लागला. एक शब्द यायचा, दोन जायचे. चर्चच्या मागेच डोंगर आहे, रेंजचा भरवसा कुणालाच नसतो. एकदा वन्संचा सूर स्पष्ट आला, आणि टुक झालं. संपलं. फोन काळा.

"हॅलो! हॅलो!" मी वेड्यासारखी ओरडले, जसं काही पद म्हणता म्हणता कुणी हॅलो म्हणणार होतं. योरीने माझ्या हातातून फोन घेतला. ज्या बोटांना गेले कित्येक दिवस चमचा धरवत नव्हता त्या बोटांनी त्याने भावाचा नंबर दाबला आणि फोन कानाला लावला. श्वास रोखलेलाच होता. मी त्याला अडवलं नाही, अडवायचं सुचलंच नाही. त्याला वाटलं असणार, फोन लागेल आणि पद पुढे चालू होईल. मलाही तेच वाटलं.

तिकडे काय झालं ते मला नंतर एलिनेदने सांगितलं. भरल्या चर्चमध्ये, चौथ्या कडव्याच्या ऐन मध्यात, तेग्विनभाऊजींच्या छातीतून कोंबडा आरवला. भाऊजींना आधी कळलंच नाही, ते आपले म्हणतच राहिले. वन्सं थांबल्या. त्यांनी भावाच्या कोटात हात घातला, फोन बाहेर काढला, पण तो बंद कसा करायचा हे त्यांना कुठून माहीत असणार? त्यांच्या हातात तो कोंबडा आरवत राहिला. दारात टोपली धरणारी मोर्विद, आणि तिच्या हातात आरवणारा फोन. कुणी हसलं नाही. एलिनेद म्हणाली, एखादं पोर जरी हसलं असतं ना, तरी बरं झालं असतं. शेवटी पाद्रीबुवांनी पुढे येऊन तो बंद केला. वन्संनी भाऊजींचा कोपर धरला, त्यांना खाली आणलं, दारापाशी जाऊन फोन टोपलीत ठेवला आणि आपल्या बाकावर येऊन बसल्या. पुढचा मेळ उठला. पुढच्या मेळाने पुढचं पद म्हटलं.

इकडे योरीने फोन हळूच खाली ठेवला.

"म्हण ना तू," मी म्हटलं. "तुझी ओळ म्हण, योरी. मी आहे ना ऐकायला. फोन गेला खड्ड्यात."

त्याने मान हलवली. दुपारपासूनचे त्याचे पहिले शब्द ते. "मध्येच कशी म्हणू, नेस्ता? त्यांनी तिथवर आणून सोडायला हवं ना."

प्लगाइन संपल्यावर भाऊजींच्या फोनवरून वन्संचा फोन आला. सगळी मंडळी शाळेच्या खोलीत सँडविच आणि चहा घ्यायला गेली होती, ही दोघं भावंडं चर्चच्या कुंपणाच्या भिंतीपाशी उभी होती, तिथे जराशी रेंज येते. वन्संचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"योरी, पद मोडलं रे."

"तो दमलाय, मी बोलते," मी म्हटलं. "मोडलं ते मोडलं, वन्सं. आता तिथेच उभ्या राहा, भाऊजी शेजारी आहेतच, आणि राहिलेली दोन कडवी म्हणा फोनवर. तो अजून बसलाय. टायसुद्धा काढला नाही त्याने. आज त्याच्याकडे श्वास आहे."

पलीकडे वाऱ्याचा आवाज नुसता.

"नेस्ता, आज एकदा पुढे ठेवलंय ते."

"अहो, अर्धं ठेवलंय!"

"अर्धं तर अर्धं. आजच्या दिवसात पुन्हा नाही घेता येत. उद्या उजाडायच्या आत निघतो आम्ही दोघं. त्याच्या उशाशी उभं राहून पहिल्यापासून म्हणू. सगळं."

माझ्या तोंडाचा पट्टा सुटायच्याच बेतात होता. जिभेवर आलं होतं, जळो तुमचा नियम, इथे माणूस चाललाय माझा. योरीने माझं मनगट धरलं. त्या धरण्यात जोर नव्हता, तरी मी थांबले. त्याने फोन जवळ ओढला.

"ताईचं बरोबर आहे," तो मला म्हणाला, आणि मग फोनमध्ये, "ताई, तुझं बरोबर आहे. आज म्हटलं तर ते नुसतं गाणं होईल. उद्या या. मी टाय लावूनच बसतो."

"लावून बस," वन्सं म्हणाल्या. हसल्या की रडल्या, मला कळलं नाही.

"अरे, एकाला झाकावं आणि दुसरीला काढावं!" फोन ठेवल्यावर मी त्याला म्हटलं. "कुणासाठी ठेवलाय हा नियम? देव काय वही घेऊन बसलाय, किती वेळा म्हटलं ते मोजायला?"

"तुला नाही कळणार. तू टाळ्या वाजवणारी," तो म्हणाला, आणि माझा हात गालाशी घेऊन पडून राहिला. टाय त्याने खरंच काढू दिला नाही. मी गाठ तेवढी सैल केली.

उजाडायच्या जरा आधी, दूध न्यायची गाडी खालच्या रस्त्याने खडखडत गेली, आणि त्याच सुमारास त्याचा श्वास थांबला. काही आवाज नाही, धडपड नाही. साठवलेला श्वास तसाच घेऊन गेला माझा माणूस.

मी भाऊजींचा फोन लावला तर लागला नाही. ते दोघं घाटात होते. उजाडताना आले. दोघंही कालच्याच कपड्यांत, इस्त्री करून घातलेल्या. वन्संच्या मुठीत सूरकाटा. दारातच त्यांनी माझं तोंड बघितलं आणि पाय अडला त्यांचा.

"गेला तो, वन्सं."

"कधी?"

"दुधाच्या गाडीच्या वेळेला."

"तेव्हा आम्ही निघालो होतो," त्या म्हणाल्या. "तेव्हा निघालो होतो आम्ही." मग त्या पलंगाजवळ गेल्या आणि त्याच्या टायची मी सैल केलेली गाठ नीट बसवली. भाऊजी टोपी हातात धरून भिंतीशी उभे राहिले.

त्यांना काय बोलायचं ते मी तेवढ्या वेळात चांगलं पाजळून ठेवलं होतं. ते सगळं बाहेर आलं. "आज नवा दिवस उगवला ना, वन्सं? आज चालतं ना तुमच्या नियमात? मग म्हणा ना आता! पहिल्यापासून म्हणा, सगळी पाच कडवी म्हणा! कुणाला ऐकवताय? काल तो बसला होता हो इथे, टाय लावून बसला होता, दोन कडवी राहिली होती नुसती!" दिलिथ दारात येऊन उभी राहिली. माझा आवाज पार व्हरांड्यात गेला असणार. जाऊ दे.

वन्सं वळल्या, माझ्याकडे नीट बघितलं. त्यांचे डोळे रात्रभर मिटलेले नव्हते, दिसत होतं.

"नेस्ता, मला वाटलं सकाळ होईल," त्या म्हणाल्या. "त्यालाही वाटलं होतं गं."

त्यालाही वाटलं होतं, हे खरंच होतं. मला एकटीलाच वाटलं नव्हतं, आणि माझं त्या घरात गाण्याच्या बाबतीत कोण ऐकणार. मी पलंगाच्या कडेला बसले.

वन्संनी सूरकाटा पलंगाच्या लोखंडी दांडीवर टिचवला आणि कानाशी नेला. भाऊजी त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. आणि त्यांनी पद सुरू केलं, पहिल्या कडव्यापासून. मला ते थांबवता आलं असतं. मी नाही थांबवलं.

तीन कडवी झाली. चौथं निम्म्यावर आलं आणि कपाटावर ठेवलेला योरीचा फोन वाजायला लागला. मी धडपडून उठले. इतक्या वर्षांचा धाक वन्संचा. मेल्या माणसापाशीसुद्धा पहिल्यांदा मनात आलं ते हेच, बाई गं, आता परत मोडणार. मी हात पुढे केला तर वन्संनी तो मधल्या मध्येच धरला. म्हणणं न थांबवता. नको, अशी मान हलवली आणि माझा हात आपल्या हातात घट्ट धरून ठेवला. फोन वाजत होता आणि त्या म्हणत होत्या, भाऊजी म्हणत होते. फोन थांबला, पुन्हा वाजायला लागला. त्यांनी लक्षच दिलं नाही. ज्या बाईने पाद्रीबुवांचा फोन टोपलीत टाकायला लावला ती वाजत्या फोनवरून सरळ पुढे चालली होती.

शेवटचं कडवं आलं. वरचे दोन आवाज थांबले. आता ती ओळ भाऊजींनी म्हणायची असं ठरलेलं होतं, त्यांनी ती बसवलीही होती. पण भाऊजींनी तोंड उघडलं नाही. वन्संनीही त्यांना खूण केली नाही. माझा हात तसाच धरून त्या पलंगाच्या दांडीवर ठेका देत राहिल्या, जेवढी ओळ लांब तेवढा वेळ, पूर्ण, काहीही न गाळता. आणि योरीच्या ओळीच्या जागी तेवढा तो फोन वाजत होता.

मग दोघांनी मिळून पद संपवलं. टाळी कुणी वाजवली नाही. मीही नाही.

फोन अजून वाजतच होता. वन्संनी माझा हात सोडला, म्हणाल्या, "घे." मी घेतला. एलिनेद होती.

"नेस्ता, किती वेळ लावतेय मी! झोपलीस होय? ऐक, योरी कसा आहे? रात्रभर त्याचंच येत होतं मनात. त्याला सांग, कालचं काही मनाला लावून घेऊ नकोस म्हणावं. कुणीसुद्धा हसलं नाही, असं सांग त्याला. सांगशील ना?"

"सांगते," मी म्हटलं.